बगीच्याच्या आरक्षणातील फेरबदल आणि हरकतीसाठी उरलेले आठ दिवस : रहिवाशांनी आपले म्हणणे कसे मांडावे?

पेवातली हळद (धागाकर्ता)

नमस्कार. सांगलीच्या बाहेरच्या अंगाला, गुंठेवारीतून (गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटांतून) वसलेल्या एका वसाहतीत मी गेली अठरा वर्षे राहतो. आमच्या वसाहतीला लागून सुमारे तीस गुंठ्यांची एक जागा आहे आणि विकास आराखड्यात ती बगीच्यासाठी आरक्षित आहे. बगीचा कधी झाला नाही. मुले तेथे खेळतात, संध्याकाळी वयस्क मंडळी बाभळीखाली पडून राहिलेल्या सिमेंटच्या दोन पाइपांवर बसतात, आणि जागा सखल असल्यामुळे पावसाळ्यात आसपासच्या चार गल्ल्यांचे पाणी तेथे जाऊन थांबते.

मागील आठवड्यात आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी वर्तमानपत्रातील निविदांच्या गर्दीत एक छोटी नोटीस पाहिली. या आरक्षणाचा निम्म्याहून अधिक भाग वगळून तो वाणिज्य वापरासाठी देण्याचा फेरबदल प्रस्तावित असून, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार त्यावर एक महिन्याच्या आत हरकती व सूचना मागविल्या आहेत. त्या महिन्यातील बावीस दिवस आमच्या नकळत निघून गेले आहेत. जागेचा गट क्रमांक व संबंधित संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मला वाद पेटवायचा नसून कामाची पद्धत समजून घ्यायची आहे.

एक कबुलीही देतो. अठरा वर्षांत मी एकाही जाहीर सुनावणीला गेलेलो नाही. मतदान करणे आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर रस्त्यावरील खड्ड्यांची छायाचित्रे टाकणे, एवढाच माझा सार्वजनिक सहभाग आहे. आता आठ दिवसांत नेमके काय करावे, आणि पुढच्या वेळी बावीस दिवस हातचे जाऊ नयेत म्हणून काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त आरेखक

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्याला घाई आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. नगररचनेच्या कामात मी अनेक वर्षे नकाशे काढले आहेत आणि हरकतींच्या फायली हाताळल्या आहेत.

सर्वप्रथम उद्याच नोटिशीत दिलेल्या कार्यालयात जाऊन प्रस्तावित फेरबदलाचा नकाशा डोळ्यांनी पाहा. नोटिशीत बहुधा लिहिलेले असते की नकाशा कामकाजाच्या वेळेत अवलोकनासाठी उपलब्ध आहे. तो पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज आत्ता उपयोगाचा नाही, कारण त्याच्या उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. तरीही मूळ ठरावाची प्रत पुढे सुनावणीत लागेल, म्हणून दहा रुपयांचा तो अर्जही आजच देऊन ठेवावा. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो. एकाच अर्जात साऱ्या गावाची चौकशी करू नये.

आता हरकत कशी लिहावी, ते सांगतो. दोनशे सह्यांचे एक निवेदन देण्याचा मोह सर्वांना होतो, परंतु अशा निवेदनाची नोंद बहुधा एकच हरकत म्हणून होते. प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र कागदावर स्वतःच्या शब्दांत हरकत द्यावी. त्यात गट क्रमांक, आरक्षण क्रमांक, नोटिशीचा दिनांक, आपले घर त्या जागेपासून किती अंतरावर आहे, फेरबदलाने आपल्यावर नेमका कोणता परिणाम होईल आणि आपली मागणी काय आहे, एवढे आले की पुरे. “व्यक्तिशः सुनावणी मिळावी” हे वाक्य शेवटी अवश्य लिहावे. आवक-जावक कक्षात कागद दिल्यावर आपल्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय जागेवरून हलू नये. पोच नसलेली हरकत तोंडी गप्पांच्याच मोलाची ठरते.

मजकुरात राग नको. “बिल्डरधार्जिणा निर्णय” असे लिहिले की वाचणारा ते पान उलटतो. “या जागेत चार गल्ल्यांचे पाणी साठते, भराव झाल्यास ते कोठे जाईल, याचा उल्लेख प्रस्तावात नाही” असे लिहिले, तर त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते.

कलम 37 मध्ये हरकतदारांना ऐकून घेतल्यानंतर प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. म्हणजे आठ दिवसांनी सगळे संपणार नाही. पण त्या आठ दिवसांत कागद दिला नाही, तर पुढच्या कोणत्याही टप्प्यावर आपण पाहुणे ठरतो.

गावभाग

आरेखक साहेबांचे म्हणणे नियमाप्रमाणे बरोबर असेल, पण अनुभव वेगळा आहे. नदीकाठच्या आमच्या भागात राहणाऱ्यांना पाण्याविषयी कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या घराच्या जिन्याशेजारच्या भिंतीवर वडिलांनी 2005 च्या पुराची रेघ ऑइल पेंटने ओढली होती. तिच्या वर मी 2019 ची ओढली आणि 2021 ची या दोहोंच्या मध्ये आली. कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या गल्लीमागे एका नाल्याच्या काठावर भराव पडत असताना आम्ही तीन वेळा निवेदन दिले. निवेदन देतानाचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले. भराव मात्र पडत राहिला. त्यामुळे आठ दिवस धावपळ करून लोकांच्या पदरी पुन्हा निराशाच पडणार असेल, तर आधी विचार करावा, एवढेच सांगतो.

निवृत्त आरेखक

गावभाग, आपला राग समजतो. फक्त एक विचारतो : ती तीन निवेदने कोणत्या टप्प्यावर आणि कोणाला दिली होती? भराव पडू लागल्यानंतर लोकप्रतिनिधीच्या हाती दिलेले निवेदन आणि फेरबदलाच्या मुदतीत नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे फेरबदल प्रस्तावित करणाऱ्या संस्थेला, दिलेली हरकत, या दोन्ही गोष्टी कायद्याच्या नजरेत निरनिराळ्या आहेत. पहिल्याचे उत्तर देणे कोणावर बंधनकारक नसते.

येरळाकाठ

मी खानापूर तालुक्यातील आहे. आमच्याकडे कागदाबरोबर आणखी एक गोष्ट कामी आली होती, ती येथे सांगण्यासारखी आहे.

1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईतून अनेक कामगार तालुक्यात परतले आणि त्याच सुमारास दुष्काळही होता. येरळा नदीच्या पात्रातून वाळूचे ट्रकच्या ट्रक जात होते आणि काठच्या विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी तेव्हा नुसते “वाळूउपसा थांबवा” एवढेच म्हटले नाही. त्यांनी उलट मागणी केली की थोडी वाळू विकण्याची परवानगी गावाला द्या, त्या पैशातून आम्हीच नदीवर बंधारा बांधू. बळीराजा धरण ते हेच. पाण्याची वाटणी करताना भूमिहीन कुटुंबांनाही हक्काचा वाटा असावा, हेही लोकांनीच ठरवले. आटपाडीच्या बाजूला समन्यायी पाणीवाटपाची जी चळवळ पुढे उभी राहिली, तिची एक मुळी येथे आहे, असे आमच्याकडील जुनी माणसे मानतात.

सांगायचा मुद्दा असा की विरोधाच्या जोडीला गावाकडे स्वतःचा आराखडा तयार होता. “बगीचा रद्द करू नका” असे म्हणताना तुमच्या हातात तीस गुंठ्यांचा एक हाताने काढलेला नकाशा असेल, ज्यात पाणी साठण्याची जागा, झाडे, बसण्याचा कट्टा आणि देखभाल कोण करणार हे दाखवले असेल, तर सुनावणी घेणाऱ्याला तुमच्याशी बोलण्यासाठी विषय मिळतो. नाहीतर “अठरा वर्षांत बगीचा झालाच नाही, मग आरक्षण कशाला?” हा प्रश्न हमखास येईल आणि तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील.

पेवातली हळद (धागाकर्ता)

येरळाकाठ, हा शेवटचा प्रश्न वाचून मी खरोखर दचकलो, कारण त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नाही. रात्री बैठक घेतो. बाकी माहितीबद्दल सर्वांचे आभार. कार्यालयात जाऊन आल्यावर कळवतो.

कडेगावची लेक

धागा शहराचा आहे, तरी गावाचे थोडे सांगते, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ग्रामसभेत दिसते.

आमच्या तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. ही बातमी देशभर गेली, पण निर्णय कोठून निघाला हे फार थोड्यांनी लक्षात घेतले. तो महिलांच्या सभेतून निघाला. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती बहुतेक ठिकाणी वहीतच होते. अंगणवाडीसेविकेने घरोघरी फिरून सह्या आणायच्या, की झाली सभा. जेथे ती खरोखर भरते, तेथे गावाचा सूर बदलतो, हे मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पाहिले आहे.

ग्रामसभेविषयी दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. ते जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! म्हणजे पहिल्या दिवशी घरी बसणारे लोक दुसऱ्या दिवशीच्या बारा माणसांच्या हाती सर्व ठराव देऊन मोकळे होतात. मागच्या वर्षी आमच्या सासरी पाण्याच्या टाकीची जागा अशाच तहकूब सभेत ठरली. आम्ही बायका भांगलणीला गेलो होतो. नंतर ओरडून उपयोग झाला नाही, कारण इतिवृत्तात सारे नियमाप्रमाणे होते.

त्यानंतर आम्ही एवढेच केले की सभेची नोटीस फळ्यावर लागली की तिचे छायाचित्र गटावर टाकायचे आणि विषयपत्रिकेतील ज्या विषयाशी आपला संबंध आहे, त्यावर एक ओळ लिहून चौघींनी तरी सभेला जायचे. 2 ऑक्टोबरपासून पुढील वर्षाच्या गाव विकास आराखड्याची मोहीम चालते. त्या वेळी सांगितलेले काम आराखड्यात येऊ शकते, मार्चमध्ये सांगितलेले येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठीच बांधलेली होती, हे कळल्यावर आम्ही स्मशानभूमीच्या शेडसाठी त्यातून पैसे मागणे सोडले आणि गटाराचा प्रस्ताव नीट मांडला. कोठल्या पिशवीत काय बसते, हे समजले की मागणीला वजन येते.

शाहूपुरीकर

ताई, आपण भाग्यवान आहात. मी साताऱ्यात, 2020 च्या हद्दवाढीने नगरपालिकेत आलेल्या भागात राहतो. रस्ते, दिवे यांबाबत काय बदलले हा वेगळा विषय. परंतु ग्रामपंचायत गेली, त्या दिवशी आमची ग्रामसभाही गेली, हे आम्हाला फार उशिरा उमगले. पूर्वी वर्षातून चार वेळा तरी उभे राहून सरपंचाला तोंडावर प्रश्न विचारता येत असे. सरपंचाने पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा बोलावली नाही, तर त्याचे पद धोक्यात येते, इतकी ती मजबूत गोष्ट आहे. शहरात मतदाराने असे उभे राहून विचारण्याची जागाच रोजच्या व्यवहारात दिसत नाही.

कायद्यात काहीच नाही असे मात्र नाही. 2009 मध्ये राज्याने कायद्यात सुधारणा करून शहरांसाठी “क्षेत्र सभा” ही तरतूद आणली. दोन ते पाच मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांची ही सभा असते. आपल्यापैकी किती जणांनी अशी सभा पाहिली आहे? शिवाय 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या आहेत. सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून महानगरपालिका 1998 मध्ये झाली आणि तिची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच पाच लाखांवर गेली होती, म्हणजे ती त्यात येते. महानगरपालिका अधिनियमानुसार या समितीवर सामाजिक काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. धागाकर्त्यांनी वसाहतीची नोंदणीकृत संस्था केली असेल, तर हे दार ठोठावण्याजोगे आहे. आमच्यासारख्या लहान शहरांना हा मार्ग नाही.

पुण्यात 2006 पासून नागरिक आपल्या प्रभागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचवतात. त्या पद्धतीत त्रुटी आहेतच, तरी किमान “अर्ज कधी द्यायचा” हे लोकांना ठाऊक असते. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर मागणी घेऊन जाणे म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडण्यासारखे आहे.

गावभाग

क्षेत्र सभा हा शब्द मी आज प्रथमच वाचला, हे कबूल करतो. तरीही विचारतो : कामावर जाणाऱ्या माणसाने हे सर्व कधी करायचे? आराखड्याची नोटीस वाचा, अंदाजपत्रकाचा महिना लक्षात ठेवा, लोकशाही दिनाला अर्ज द्या. आमची पोटे हातावर आहेत.

कडेगावची लेक

दादा, एकट्याने करायचेच नाही. आमच्यात चौघी आहेत. एकीच्या घराजवळ ग्रामपंचायतीचा फळा आहे, ती नोटीस बघते. दुसरी मुलाच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. त्या समितीत 75 टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात, त्यामुळे तिला बैठकीत बोलायची सवय झाली आहे. तिसरीचे अक्षर चांगले आहे. मी फक्त जाते आणि पोच घेते.

पेवातली हळद (धागाकर्ता)

काल कार्यालयात जाऊन आलो. तेथील कर्मचारी सौजन्याने वागले, हे आवर्जून नमूद करतो. नकाशाची गुंडाळी टेबलावर उलगडून त्यांनी चार कोपऱ्यांवर फायली ठेवल्या आणि आम्ही तिघे जवळजवळ पाऊण तास तो पाहत होतो. वाणिज्य वापरासाठी दाखवलेला भाग रस्त्याच्या बाजूचा आहे, हे अपेक्षित होते. अनपेक्षित होते ते निराळेच. जागेच्या दक्षिण कडेने जो ओढा वाहतो, ज्यात दर पावसाळ्यात आमची मुले कागदी होड्या सोडतात, तो त्या नकाशावर नाहीच. तेथे कोरी जागा आहे. सोबतच्या काकांनी बोट ठेवून तीन वेळा विचारले, तेव्हा कर्मचारी म्हणाले, “आमच्याकडे जो आधार-नकाशा आला, त्याच्यावर जे आहे तेच यात आहे.”

याचा काही उपयोग होईल का?

निवृत्त आरेखक

याचाच उपयोग होईल. मी आपल्या जागी असतो, तर वाणिज्य वापर, मुलांचे खेळ वगैरे सर्व दुसऱ्या परिच्छेदात टाकून पहिल्या परिच्छेदात फक्त ओढा मांडला असता.

आज भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत मागा. जुन्या गाव नकाशांवर ओढे-नाले बहुधा दाखवलेले असतात. तेथे ओढा दिसत असेल आणि फेरबदलाच्या नकाशावर नसेल, तर दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावून हरकतीस जोडा. लाल शाईने फक्त एक बाण काढा, अधिक काही नको. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पूररेषेत जागा येत नाही, असे उत्तर सुनावणीत मिळण्याची शक्यता आहे. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या नदीच्या पुरासाठी आखलेली असते. वसाहतीतील पावसाचे पाणी कोठे तुंबते, याच्याशी तिचा संबंध नाही, हे शांतपणे सांगावे. त्यासाठी पाणी खरोखर कोठवर चढते याचा पुरावा हवा. गावभाग यांच्या भिंतीवर आहे तसा.

पेवातली हळद (धागाकर्ता)

गाव नकाशाचा अर्ज दिला आहे. रात्रीच्या बैठकीला सतरा कुटुंबे आली; त्यांतील अकरा हरकती लिहून झाल्या आहेत, दोन आजींनी तर स्वतःच्या हाताने लिहिल्या. येरळाकाठ यांच्या सूचनेप्रमाणे मागील गल्लीतील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने तीस गुंठ्यांचा आराखडा काढायला घेतला असून, सखल भागाला “पाणी मुरण्याची जागा” असे नाव तिनेच दिले आहे. देखभालीच्या प्रश्नावर मात्र वाद झाला. दरमहा वर्गणी देण्यास सहा कुटुंबांनी स्पष्ट नकार दिला आणि त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मला वाटत नाही. कर भरल्यावर बगीच्याची देखभाल पुन्हा खिशातून का करायची, असे त्यांनी विचारले. आराखड्यात तो रकाना सध्या कोराच ठेवला आहे.

पाण्याच्या खुणांची अडचण आहे. मागच्या वर्षी भिंती रंगवल्यामुळे बहुतेक घरांवरील डाग गेले. तीन घरांच्या मागील बाजूस ओलीची रेघ अजून दिसते, पण ती कशी नोंदवावी हे कळत नाही.

गावभाग

नुसते छायाचित्र काढू नका, त्यावरून उंची समजत नाही. रेघेशेजारी मोजपट्टी उभी धरायची, तिचे शून्य जमिनीला टेकलेले दिसले पाहिजे आणि आकडे वाचता आले पाहिजेत. त्याच घराचा एखादा ओळखीचा भाग, दाराची चौकट किंवा मीटरचा बोर्ड, छायाचित्रात येऊ द्या, म्हणजे घर कोणते यावर वाद होणार नाही. घरमालकाकडून पाणी कोणत्या महिन्यात व किती दिवस होते, हे लिहून सही घ्या. तिन्ही घरे एका पातळीवर नसतील, तर उंबऱ्यापासून आणि रस्त्यापासून अशी दोन मापे घ्या. पुरानंतरच्या पंचनाम्यांच्या वेळी आम्ही हे शिकलो.

रविवारी मला सुटी आहे. पत्ता निरोपातून पाठवा, मोठी टेप घेऊन सकाळी नऊपर्यंत येतो.